जर्मनीतील शालेय शिक्षण

जर्मनीतील शालेय शिक्षण : जर्मन संघराज्याच्या 16 घटकराज्यांनी आपापल्या कायद्यांनुसार चालवलेली शिक्षणव्यवस्था. शाळांचा कारभार केंद्र सरकारकडे नाही. राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांची 1948 पासूनची स्थायी परिषद परीक्षा व प्रमाणपत्रे यांत मेळ राखते. सरकारी शाळांत फी नसते.

‘किंडरगार्टन’ हा शब्द जगाला याच देशाने दिला. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी 1837 मध्ये बाट ब्लांकेनबुर्ख येथे खेळातून शिकवणारी संस्था काढली आणि 1840 मध्ये हे नाव योजले. प्रशियाने 1851 मध्ये अशा बालोद्यानांवर घातलेली बंदी 1860 मध्ये उठली. आज किंडरगार्टन सक्तीचे नाही. मात्र वयाचे पहिले वर्ष पुरे झालेल्या मुलाला संगोपन केंद्रात जागा मिळण्याचा हक्क 2013 पासून कायद्याने आहे. तेथे धुळाक्षरांची घाई नसते, भर खेळावर असतो.

सहाव्या वर्षाच्या सुमारास सक्तीची शाळा सुरू होते. पहिल्या दिवशी मुलाच्या हातात खाऊ आणि पेन्सिलींनी भरलेला भलामोठा कागदी शंकू असतो. तो दिवस घरचे एखाद्या सणासारखा साजरा करतात. शाळेत न पाठवता घरीच शिकवण्याची मुभा जवळजवळ नाही. श्रेणी 1 ते 6 अशा असून 1 सर्वोत्तम.

सर्व थरांतील मुलांना एकत्र आणणारी चार वर्षांची प्राथमिक शाळा 1920 च्या कायद्याने आली. बर्लिन व ब्रांडेनबुर्ख येथे ती सहा वर्षांची आहे. त्यानंतर वाटा फुटतात : विद्यापीठाकडे नेणारे गिम्नाझियुम, मधल्या दर्जाची रेआलशूल, कामधंद्याकडे वळवणारी हाउप्टशूल, आणि या सर्वांना सामावणारी एकत्रित शाळा. अनेक राज्यांनी मधल्या व खालच्या शाळा आता एकत्र केल्या आहेत. शिक्षकांची शिफारस काही राज्यांत बंधनकारक ठरते, काहींत पालकांचा शब्द अखेरचा. दहा वर्षांच्या मुलाची कुवत जोखणे हे या व्यवस्थेचे सर्वांत दुबळे अंग होय, कारण त्या वयात मुलापेक्षा त्याचे घरच अधिक मोजले जाते. 2001 मध्ये निकाल जाहीर झालेल्या पहिल्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने घरची परिस्थिती व मुलांचे यश यांतील घट्ट नाते उघड केले आणि देश हादरला. तरीही हँबर्गमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची करण्याचा बेत 2010 च्या सार्वमतात मतदारांनी फेटाळला.

गिम्नाझियुमच्या शेवटी ‘आबिटूर’ ही विद्यापीठप्रवेशाची पात्रता-परीक्षा असते. तिच्या 900 गुणांपैकी 600 शेवटच्या दोन वर्षांच्या कामावर मिळतात, अंतिम परीक्षेला 300 उरतात. बारावीच्या एकाच परीक्षेवर सारे टांगलेले पाहणाऱ्यांनी ही विभागणी अवश्य अभ्यासावी.

इतर शाळांतून बाहेर पडलेले अनेकजण दुहेरी प्रशिक्षण घेतात. आठवड्यातले बरेचसे दिवस कारखान्यात वा दुकानात, एक-दोन दिवस व्यवसायशाळेत, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. असे 300 हून अधिक व्यवसाय मान्य आहेत. त्यांत पुढे ‘माइस्टर’, म्हणजे उस्ताद कारागिराची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास 2009 पासून आबिटूरशिवायही विद्यापीठात प्रवेश घेता येतो.