आयत्या बागेतले वाटेकरी

टॉमस बेल्ट हा इंग्रज खाण-अभियंता निकाराग्वात चोंतालेसच्या सोन्याच्या खाणीवर कामाला होता. झाडांची पानं कातरून नेणाऱ्या मुंग्या त्या पानांचं करतात तरी काय, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. त्या पानं खातात, असा सर्वसाधारण समज होता. बेल्टनं त्यांची घरं खणून पाहिली आणि 1874 साली आपल्या पुस्तकात लिहिलं की पानं हे नुसतं खत आहे. मुंग्या त्यावर बुरशी पिकवतात आणि ती बुरशी खातात. 1893मध्ये आल्फ्रेड म्योलर या जर्मन संशोधकानं ब्राझीलमधल्या निरीक्षणांवरून ते पक्कं केलं.

माणसाच्या शेतीला दहाएक हजार वर्षं झाली, या मुंग्यांच्या शेतीला काही कोटी. एवढ्या काळात आयतं खाणारे निपजले नसते तरच नवल. पण ‘आयत्या बिळावर नागोबा’ इथे पुरत नाही. नागोबा येतो तेव्हा बिळाचा मालक गेलेला असतो. इथे मालक घरातच राहतो, राबतोही.

अर्जेंटिनात आंखेल गायार्दोनं 1916मध्ये अशा एका मुंगीची नोंद केली. तिच्यात कामकरी मुंग्याच नाहीत. बाग राखणं, पिल्लं वाढवणं, सगळं यजमानांच्या माथी. (गायार्दो शिक्षणानं स्थापत्य अभियंता, पुढे देशाचा परराष्ट्रमंत्री. दिवसभर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हेवा वाटावा असा बायोडेटा.) हा तर उघड परजीवी. त्याला काय म्हणायचं, यावर वाद होण्याचं कारण नाही.

वाद आहे तो पनामातल्या मुंगीबद्दल. पनामा कालव्यासाठी धरण बांधलं, गातुन तलाव भरला आणि एका टेकडीचं बारो कोलोरादो नावाचं बेट झालं. 1924मध्ये हार्वर्डचा विल्यम मॉर्टन व्हीलर तिथे गेला. सेरिकोमर्मेक्स या बुरशी पिकवणाऱ्या मुंग्यांच्या बागेत त्याला दुसऱ्याच जातीच्या मुंग्या सुखानं नांदताना दिसल्या. पुढच्या वर्षी त्यानं त्यांचं नाव ठेवलं मेगॅलोमर्मेक्स सिम्मेटोकस. सिम्मेटोकस म्हणजे ग्रीकमध्ये वाटेकरी. लेखाच्या मथळ्यात त्यानं त्यांना ‘पाहुण्या मुंग्या’ म्हटलं.

पाहुण्या कसल्या! त्या बुरशी खातात, यजमानांची पिल्लंही खातात आणि यजमानांच्या तरुण राण्यांचे पंख कुरतडतात. पंख नाहीत म्हणजे राणी उडून जाऊन नवं घर मांडू शकत नाही. हे काही दिवसांचं नाही, जन्माचं बिऱ्हाड आहे.

मग 2013 साली रशेल ॲडम्स आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला आणि चित्र फिरलं. त्या जंगलात नॅम्प्टोजेनिस नावाच्या लुटारू मुंग्या आहेत. त्या बुरशीवाल्यांच्या घरावर धाड घालून बाग आणि पिल्लं दोन्ही बळकावतात. सेरिकोमर्मेक्स त्यांच्यापुढे दुबळ्या पडतात. पण घरात ‘पाहुणे’ असले तर तेच पुढे होऊन आपल्या विषानं लुटारूंना मारतात. इतकंच नाही, ज्या घराला पाहुण्यांचा वास आहे ते घर लुटारूंचे टेहळे टाळतात. शोधनिबंधाच्या मथळ्यात आता शब्द होता ‘भाडोत्री सैनिक’.

हा शब्दही मला पटत नाही. भाडोत्री सैनिकाशी करार होतो, त्याला काढून टाकता येतं. यजमान मुंग्यांना ती सोय नाही. मराठी वाचकाला इथे चौथाई आठवेल. मुलखाच्या वसुलीचा चौथा हिस्सा घेणारा मराठा सरदार रक्षक की खंडणीखोर? न्यायमूर्ती रानड्यांनी चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली. जदुनाथ सरकारांच्या मते चौथ भरून मराठ्यांची धाड तेवढी टळे, इतरांपासून रक्षणाची हमी त्यात नव्हती. कोणाचं बरोबर, हे आपण कोणत्या गावात उभे राहून पाहतो यावर ठरतं. पनामातही तसंच आहे. लुटारू वारंवार येत असतील त्या भागात पंख कुरतडलेल्या राण्या हा परवडणारा सौदा आहे. जिथे लुटारू फिरकतच नाहीत, तिथे याच मुंग्या पिढ्यानपिढ्या फुकटच्या पंगतीला बसलेल्या असतात आणि यजमानांच्या राण्यांना तिथेही पंख राहत नाहीत.