जळगावची घरकुले

स्वस्त घरांचा इतिहास चाळताना आम्हांला जळगाव ओलांडून पुढे जाववत नाही. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील नगरपालिकेने गोरगरिबांसाठी सुमारे 5000 घरकुलांची योजना आखली. पुरी झाली जेमतेम 1500. कंत्राट सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतील पेढीला गेले, वर बिनव्याजी उचलही मिळाली, हा मुख्य आरोप. (उचल! आमच्या शेतमजुराला ती फेडता फेडता पिढी सरते.) 2006 साली तत्कालीन आयुक्तांनी फिर्याद दिली. 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्री सुरेश जैन यांच्यासह 48 जणांना दोषी ठरविले. जैन यांना 7 वर्षे कारावास व 100 कोटी दंड. प्रकरण अपिलात गेले. योजनेच्या वेळी रांगणारे मूल निकालादिवशी विशीत पोहोचले होते.