खाजण (डोलवी परिसर)

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यात, अंबा नदी व धरमतर खाडीच्या काठची, भरतीच्या पाण्याखाली येणारी खारट चिखलाची जमीन. बांध घालून भातशेतीखाली आणलेला असाच पट्टा म्हणजे खारेपाट.

पावसाळ्यात इथे अडीच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस कोसळतो. तरी खाजणातली झाडे जगतात ती वाळवंटातल्यासारखी. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ झिजून झालेली चिकणमाती नदीने खाली आणली आणि भरतीने तिच्यात मीठ मुरवले. मातीतले पाणी फार खारट झाले की मुळांना ते ओढून घेता येत नाही. पायाशी पाणी आणि झाड तहानलेले, अशी गत. वरचे मीठ पावसात धुऊन जाते. उन्हाळ्यात खालचे खारे पाणी पुन्हा वर चढते, जमीन भेगाळते आणि ढेकळांवर पांढरा पापुद्रा धरतो.

सर्वांत खारट जागा पाण्यालगत नसते, हे नवख्याला पटत नाही. रोजची भरती जिथे पोचते तिथले मीठ निदान ओहोटीबरोबर वाहून जाते. तिथे तिवर वाढतो. त्याचे पान जिभेला लावले तर खारट लागते, कारण तो नको असलेले मीठ पानावाटे बाहेर टाकतो. त्याहून वीतभर उंचावर फक्त अमावास्या-पौर्णिमेचे उधाण चढते. ते पाणी साचून आटते, मीठ मागे राहते. तिथे मोरस उगवते : बोटाने चिरडली की पाणी सुटणारी गुबगुबीत पाने, उन्हाळ्यात तांबूस.

ठाणे-रायगडच्या खाडीकाठी आढळणारा पिलू (खाकण) हा तर कच्छ, राजस्थान आणि अरबस्तानातला गडी. दातवणाचा मिसवाक याचाच. गोड्या मातीशी अशा झाडांचे वैर नाही. तिथे मात्र कोकणातला दाट झाडोरा त्यांना जागा देत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मोरस हे अशुभ चिन्ह. बांधाला खांड पडून खारे पाणी आत शिरले, की भाताच्या जागी आधी ती दिसते, मागून तिवर येतो. खारपड जमिनीसाठी ‘पनवेल-1’सारखी भाताची वाणे निघाली, पण त्यांच्याही सोसण्याला मर्यादा आहे.

खाजणातला सगळा हिशेब विती-दोन वितींच्या उंचीचा असल्याने भराव त्याला सर्वांत घातक. हातभर मुरूम पडला की उधाण तिथवर येत नाही, मोरस सुकते आणि पावसाळ्यात टाकळा उगवतो.