बिनतारीची चढाओढ

कुस्तीचा फड आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे; कानांवर हेडफोन चढवून अठ्ठेचाळीस तास लढायचा फड मात्र फारच थोड्यांनी पाहिला असेल. हौशी बिनतारीवाल्यांची ‘सीक्यू वर्ल्डवाइड’ ही स्पर्धा १९४८ साली सुरू झाली. तिचा नियम मोठा गमतीचा. स्वदेशातील केंद्राशी संभाषण झाले तर गुण शून्य, आशियातील दुसऱ्या देशाशी एक, खंडाबाहेर तीन. म्हणजे संभाजीनगरच्या स्पर्धकाला पुण्याची खणखणीत हाक कवडीमोलाची (एकदा देश म्हणून मोजली जाते, एवढेच), आणि ब्राझीलची कुजबूज सोन्याची!

पण या छंदाला केवळ खेळ म्हणणे आम्हांस पटत नाही. १९३९ साली महायुद्ध पेटताच सरकारने हौशी मंडळींची प्रक्षेपक यंत्रे पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम सोडले. तरी ही विद्या जप्त झाली नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांचा गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला, आणि जागा बदलत बदलत नोव्हेंबरात पकडला जाईपर्यंत बोलत राहिला. त्याची लहर ४२.३४ मीटरची. आजचे स्पर्धक जिथे गुण वेचतात, तीच ही चाळीस मीटरची पट्टी!

पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली. तेव्हा आपल्या मराठवाड्यातून संदेश पोहोचवण्याच्या कामी हौशी बिनतारीवाले धावून आले. गोंगाटातून क्षीण हाक नेमकी वेचायची, ती न चुकता टिपायची आणि लगेच पुढच्या हाकेकडे वळायचे, हेच ते स्पर्धेत करीत असत.