नांगराची पत

लाकडी नांगर शेतकरी दुकानातून विकत आणत नसे. गावचा सुतार तो घडवायचा, फाळ बोथट झाला की लोहार भात्यावर तापवून ठोकून द्यायचा आणि सुगीला खळ्यावर दोघांचं बलुतं घातलं जायचं. नांगर बरा की वाईट हा प्रश्न वेगळा विचारावाच लागत नसे. करणारा डोळ्यांसमोर राहत होता आणि उद्याही तिथंच राहणार होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगावच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा या व्यवस्थेला पहिल्यांदा धक्का बसला. लोखंडानं जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणू लागले. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. ही हकिकत बहुधा शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून सांगितली जाते. मला त्या भीतीत एक व्यवहारी प्रश्न ऐकू येतो. ओतीव लोखंडाचा भाग गावच्या भात्यावर ठोकून सरळ करता येत नाही; तो तुटला तर बदलावाच लागतो. मग तो कोण देणार? आज माल विकून गेलेला माणूस पुढच्या पेरणीला कुठं असेल?

लक्ष्मणराव हे व्यापाऱ्याच्या पठडीतले नव्हते. त्यांचा जन्म १८६९चा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग ओळखू येत नाहीत हे लक्षात आल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि पुढे तोच विषय शिकवू लागले. बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला परतले. तिथं भावाबरोबर १८८८पासून सायकलींचं दुकान होतंच. कडबा कापण्याचं यंत्र आणि नंतर नांगर तिथंच तयार झाले. मग नगरपालिकेला जागा हवी झाली आणि कारखाना हलवायची पाळी आली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ आणि भांडवलासाठी कर्ज देऊ केलं. निवडुंग आणि सापांचा तो माळ. मार्च १९१०मध्ये लक्ष्मणराव पंचवीस कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह तिथं राहायला गेले.

या इतिहासात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे पंचवीस कुटुंबांचं जाणं. घरं नाहीत, शाळा नाही, बाजार नाही. कारखाना बुडाला तर परतायलाही काही नाही. मालकानं कामगारांवर टाकलेल्या विश्वासाबद्दल आपण पुष्कळ वाचतो. इथं आधी कामगारांनी मालकावर विश्वास टाकला होता, तोही बायकामुलांसकट. लक्ष्मणरावांनी त्याची परतफेड आपल्या परीनं केली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असा दंडक घातला. शिक्षा भोगून आलेल्या गुन्हेगारांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं.

अर्थात, घर, पाणी आणि पगार एकाच हातातून येतो तेव्हा भरवसा कुठं संपतो आणि अवलंबून राहणं कुठं सुरू होतं, हे सांगणं अवघड असतं. चांगला मालक असला तरी हा प्रश्न मिटत नाही, फक्त टोचत नाही.

ग्राहकाचा प्रश्न मात्र एका अनपेक्षित वाटेनं सुटत गेला. १९२०मध्ये कारखान्याचं एक पत्रक निघालं, ‘किर्लोस्कर खबर’. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे, चित्रकार शंकरराव, म्हणजेच मराठी वाचकांचे ‘शंवाकि’. मालाची माहिती देणारं ते पत्रक हळूहळू मासिक झालं. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या आग्रहानं त्यातला ‘खबर’ हा अरबी-फारसी शब्द गळाला आणि नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. १९३०मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४मध्ये ‘मनोहर’ निघालं. नांगराच्या गावाहून महिन्याच्या महिन्याला कथा, वाद, सुधारणांचे विचार घरोघर जाऊ लागले. सुताराची जागा आता छापील पानानं घेतली. कारखाना अजून तिथंच आहे, याची ती दर महिन्याची ग्वाही होती.

तरी विश्वासालाही वेस असते. गांधीजींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर हल्ले झाले. त्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचा कारखानाही सापडला. अडतीस वर्षं शेतकऱ्यांसाठी अवजारं करणाऱ्या या ठिकाणाची ओळख त्या दिवसांत जातीपुरतीच उरली. आतल्या माणसांशी नातं कितीही सच्चं असलं, तरी भोवतालच्या समाजातली जुनी दरी एकटा कारखाना बुजवू शकत नाही. राखेतून काम पुन्हा सुरू झालं, हेही तितकंच खरं.

अनुवाद करताना ‘पत’ या शब्दापाशी मी नेहमी अडखळते. उधारी मिळण्याची लायकी आणि चारचौघांतला मान, दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. दुसऱ्या भाषेत नेताना बहुधा त्यातला एकच हाती लागतो. बँकेत ‘पत’ आकड्यांत मोजतात. त्या माळावर ती वेगळ्या तऱ्हेनं मोजली गेली. कुंडल रोड स्टेशनाचं नाव पुढं किर्लोस्करवाडी झालं. आजही त्या मार्गावरच्या गाड्या तिथून जातात आणि नांगर न पाहिलेली माणसंही तिकिटावर ते नाव वाचतात.