मामूंचा ऑल्विन

जळकोटला मामूंच्या घरी ऑल्विनचा जुना फ्रीज होता. गार करणे त्याने सोडले तेव्हा मामींनी त्यात शेवयांचे डबे ठेवले. पत्र्याला गंज नव्हता.

१९४२ साली निजाम सरकारचा औद्योगिक निधी आणि हैदराबादची अल्लादीन अँड कंपनी यांच्या भागीदारीतून ऑल्विनचा कारखाना निघाला. तेव्हा आपला उस्मानाबाद जिल्हाही हैदराबाद संस्थानातच होता, सप्टेंबर १९४८ पर्यंत. संस्थान म्हटले की रझाकार आठवतात, ते आठवायलाच हवेत. पण कारखाने कुणालाच आठवत नाहीत. ऑल्विनने बसच्या बॉड्या बांधल्या, फ्रीज बनवले, १९८० च्या दशकात जपानच्या सायकोच्या सहकार्याने घड्याळेही काढली. १९९० च्या दशकात कंपनी मोडली आणि फ्रीजचा विभाग व्होल्टासकडे गेला.

जुने ते सगळे दणकट होते, असे मी म्हणणार नाही. जे लवकर बिघडले ते भंगारात गेले. आपल्याला दिसतात ते उरलेले. शिवाय पगाराच्या मानाने फ्रीज इतका महाग होता की बिघडला तर दुरुस्त करणे हाच मार्ग. मामूंच्या फ्रीजचा रिले आणि थर्मोस्टॅट सोलापूरच्या मिस्त्रीने दोनदा बदलला. सुटा भाग बाजारात मिळत होता, हे महत्त्वाचे.

टिकाऊपणा कंपन्यांनाच नकोसा होतो, हेही नवे नाही. १९२४ च्या डिसेंबरात जिनिव्हात युरोप-अमेरिकेतल्या बल्ब कंपन्यांनी एकी केली. दीड-दोन हजार तास चालणाऱ्या दिव्याचे आयुष्य त्यांनी १००० तासांवर आणले. ज्याचा बल्ब ठरल्यापेक्षा जास्त जळेल, त्या सभासदाला दंड! चांगले काम केल्याची ही शिक्षा.

माझ्या आताच्या फ्रीजला कॉम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी आहे. बाकी सगळ्याला एकच वर्ष. चौदाव्या महिन्यात बंद पडला तो नेमका सर्किट बोर्ड. आलेला तंत्रज्ञ अदबीने बोलला, पण दुरुस्ती होत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागेल, म्हणाला. किंमत ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात थोडी भर घातली तर नवाच येईल." कंपनीला हेच तर हवे असते.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' पोर्टल सुरू केले. सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी तिथे द्यावी, ही कल्पना. बोर्डासाठी पैसे भरण्याआधी मी तेच उघडून बसलो आहे.