पत्ता आणि मुखवटा

किशोरवयीन वाचकांसाठी अलीकडे ज्या रहस्यकादंबऱ्या लिहिल्या जातात, त्यांत एखाद्या गायकाच्या किंवा मालिकेच्या चाहत्यांचा समाजमाध्यमांवर जमलेला मेळा, त्या मेळ्यात टोपणनावाने वावरणारी एखादी शाळकरी मुलगी, तिचा जिवलग म्हणून महिनोन्महिने निरोप धाडणारा आणि शेवटी भलताच निघणारा कुणी अपरिचित, आणि खऱ्या नावाचा सुगावा लागताच तिच्यावर कोसळणारे अरिष्ट, अशी सामग्री वारंवार आढळते. ही कथावस्तू संगणकाच्या युगातच जन्मास आली असावी, असा वाचणाऱ्याचा समज होणे साहजिक आहे. परंतु चाहत्यांच्या संघटित जीवनाचा इतिहास जो धुंडाळील, त्याला या कथेचे बहुतेक सारे धागे सुमारे शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतील टपालाच्या थैलीत सापडतील. आणि मला तर असे वाटते की, त्या थैलीचा वृत्तान्त ठाऊक असल्याखेरीज आजच्या या मुलांच्या सुखाचा आणि भयाचा अर्थ नीट लागणार नाही.

ह्यूगो गर्न्सबॅक हा १८८४ साली लक्झेंबर्ग येथे जन्मलेला आणि १९०४ साली अमेरिकेत येऊन स्थायिक झालेला मोठा खटपटी गृहस्थ. विजेच्या व बिनतारी यंत्रांचे सुटे भाग टपालाने पुरविणे हा त्याचा आरंभीचा व्यवसाय, आणि त्या व्यवसायाच्या अनुषंगानेच तो मासिके काढू लागला. एप्रिल १९२६ मध्ये त्याने न्यूयॉर्कहून ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. पंचवीस सेंट ही त्याची किंमत होती. पुढील वर्षाच्या जानेवारीपासून ‘डिस्कशन्स’ या मथळ्याखाली वाचकांची पत्रे त्यात येऊ लागली, आणि पत्राखाली लिहिणाऱ्याच्या नावाबरोबर त्याचा पत्ताही छापण्याचा प्रघात पडला. संपादकाच्या दप्तरी ही बाब अगदी किरकोळ असेल. परंतु चाहत्यांच्या समाजाला जर कोणती मूळ सनद असेल, तर ती हा छापील पत्ताच होय. भडक मुखपृष्ठाचे मासिक वडीलधाऱ्यांच्या नजरेआड वाचणाऱ्या आणि मंगळावरील कालव्यांविषयी बोलावयास गावात एकही सोबती नसलेल्या मुलाला, आपल्यासारखाच दुसरा एक जीव अमुक शहरी, अमुक रस्त्यावर, अमुक क्रमांकाच्या घरात राहतो, हे त्या बारीक टाइपातील ओळीने सांगितले. मुले एकमेकांस परस्पर लिहू लागली, आणि संपादकाची मध्यस्थी हळूहळू गळून पडली.

ती खरोखरच मुले होती, हे विसरता कामा नये. १९३० च्या मे महिन्यात निघालेले ‘द कॉमेट’ हे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेले पहिले पत्रक मानले जाते. १९३२ साली ‘द टाइम ट्रॅव्हलर’ काढणारे ज्युलियस श्वार्ट्‌झ, मॉर्ट वाइझिंगर व फॉरेस्ट अ‍ॅकरमन हे तिघे तेव्हा पंधरा ते सतरा वर्षांचे होते. क्लीव्हलँडमधील जेरी सीगल या शाळकरी मुलाने सायक्लोस्टाइलवर काढलेल्या पत्रकात जानेवारी १९३३ मध्ये स्वतःची एक कथा छापली आणि तिला त्याचा मित्र जो शुस्टर याने चित्रे काढली. त्या कथेत ‘सुपरमॅन’ हे नाव एका दुष्टाला दिलेले होते, तेच नाव पुढे १९३८ साली या दोघांनी एका तारणहाराला देऊन साऱ्या जगाला परिचित केले. चार्ल्स हॉर्निग या सतरा वर्षांच्या मुलाचे पत्रक पाहून तर गर्न्सबॅकने १९३३ साली त्याला आपल्या ‘वंडर स्टोरीज’ मासिकाच्या संपादनास बसविले. या पत्रकांची मुद्रणकला हीदेखील त्या वयाला साजेशीच होती. जिलेटिनच्या थाळीवर जांभळ्या शाईने लिहिलेला कागद दाबून बसवावयाचा, तो उचलून घेतला की थाळीत उमटलेल्या अक्षरांवर एकामागून एक कोरे कागद टेकवावयाचे, आणि पन्नासएक प्रती निघेतो अक्षरे इतकी फिकट व्हावयाची की शेवटच्या वाचकाने ती अनुमानानेच वाचावी. ‘फॅनझीन’ हे या पत्रकांचे आज रूढ असलेले नाव रसेल शोव्हने या चाहत्याने १९४० साली घडविले. वस्तू मात्र त्याआधीच दहा वर्षे घरोघरी पोचत होती.

जेथे मंडळ तेथे कलह, हे आपल्याकडील सार्वजनिक कार्यकर्त्यांना निराळे सांगावयास नको. गर्न्सबॅकने १९३४ साली ‘सायन्स फिक्शन लीग’ नावाची संघटना काढून गावोगावच्या चाहत्यांना एका छत्राखाली आणले खरे. परंतु त्याच वर्षी ज्याची पहिली कथा ‘वंडर स्टोरीज’मध्ये प्रसिद्ध झाली, त्या डोनाल्ड वॉलहाइम या तरुणाला मोबदला मिळाला नाही, तेव्हा त्याने आपल्यासारखेच बुडालेले इतर लेखक शोधून फिर्याद गुदरली, पंचाहत्तर डॉलरांवर तडजोड करून घेतली आणि लीगमधून हकालपट्टीही ओढवून घेतली. याच वॉलहाइमने आणि त्याच्या सोबत्यांनी सप्टेंबर १९३८ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘फ्यूचरियन्स’ हा गट स्थापिला, ज्यात फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लुथ व आयझॅक आसिमोव हे होते.

२ जुलै १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या कॅरव्हॅन हॉलमध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, तेव्हा सुमारे दोनशे माणसे जमली. लॉस एंजेलिसहून अठरा वर्षांचा रे ब्रॅडबरी अ‍ॅकरमनकडून उसने पैसे घेऊन बसने आला होता. अ‍ॅकरमन स्वतः भविष्यकाळातील पोशाखात वावरत होता, आणि तो पोशाख शिवणारी मायर्टल डग्लसही तशाच वेषात होती, जी आपल्या नावाची एस्परान्तो भाषेतील आद्याक्षरे जोडून ‘मोरोजो’ या नावाने सर्वांना परिचित होती. आणि दारावर, जगात या मुलांना ज्यांच्याहून जवळचे कोणी नव्हते अशा सहा जणांना, ते सभा उधळतील या संशयाने, आयोजकांनी आत येऊ दिले नाही. वॉलहाइम, पोल व कॉर्नब्लुथ हे त्या सहांत होते. आसिमोवला मात्र कोणी अडविले नाही आणि तो आत गेला. त्या संमेलनाचे अध्यक्ष सॅम मॉस्कोविट्‌झ यांनी पुढे त्या काळातील चाहत्यांच्या भांडणांची जी विस्तृत बखर लिहिली, ती वाचताना मनुष्य थक्क होतो, कारण त्यातील प्रत्येक तह, प्रत्येक फितुरी आणि प्रत्येक जाहीरनामा विशीच्या आतबाहेरील मुलांचा आहे. त्यावर हसणे मला तरी शक्य होत नाही. सबंध गावात ज्याला एकच दार उघडे आहे, त्याला त्या दारावरून परत फिरविणे ही लहान शिक्षा नव्हे.

आता मुखवट्यांकडे वळू. पत्त्यावरून मनुष्य सापडतो, परंतु पत्त्यामागे कोण बसले आहे हे पत्ता सांगत नाही. आणि हे मर्म या मंडळींच्या ध्यानात येण्यास फार दिवस लागले नाहीत. बॉब टकर या चाहत्याच्या निधनाची खोटी वार्ता १९३० च्या दशकात ‘अस्टाउंडिंग’ मासिकाच्या पत्रस्तंभात छापून आली; वस्तुतः टकर २००६ सालापर्यंत जगला. १९५० पासून ‘क्वांड्री’ नावाचे सुरेख पत्रक काढणाऱ्या ली हॉफमन यांना सारे पत्रमित्र पुरुष समजत होते, आणि १९५१ साली न्यू ऑर्लिन्सच्या संमेलनात एक एकोणीस वर्षांची मुलगी ते नाव सांगत पुढे आली तेव्हा त्यांची दृष्टी निवळली. तिने असत्य एकही लिहिले नव्हते. वाचकांनीच आपल्या मनातील पुरुष त्या नावामागे उभा केला होता. याच दशकात टेरी कार व त्याच्या मित्रांनी कार्ल ब्रँडन नावाचा एक कृष्णवर्णीय चाहता निव्वळ कल्पनेतून निर्माण केला, त्याच्या नावाने वर्षानुवर्षे विडंबने लिहिली, त्याला लोकप्रिय केले, आणि मग तो नाहीच असे जाहीर केले. त्या जन्मास न आलेल्या तरुणाचे नाव १९९९ साली गौरेतर लेखक-वाचकांच्या एका खऱ्या संस्थेने अभिमानाने धारण केले.

मराठी भाषेत या प्रकारासाठी दोन शब्द आहेत आणि त्यांतील भेद महत्त्वाचा आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेला, आणि १७७६ साली ज्याचे बंड मोडून ज्याला देहान्त शासन झाले, तो तोतया. आणि केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी ही टोपणनावे. तोतया दुसऱ्याच्या नावावर हक्क सांगतो. टोपणनाव घेणारा स्वतःच्या नावाचे ओझे उतरवून ठेवतो. ज्या चरित्राकडे मला वाचकांचे लक्ष मुख्यतः वेधावयाचे आहे, ते या दुसऱ्या जातीचे आहे.

मार्च १९६८ मध्ये जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाने एक विज्ञानकथा प्रसिद्ध झाली आणि पुढील काही वर्षांत त्या नावाचा मोठा दबदबा निर्माण झाला. टिपट्री कोणाला भेटत नसे. व्हर्जिनिया राज्यातील मॅक्लीन येथील टपालपेटी एवढाच त्याचा ठावठिकाणा होता. परंतु तेथून निघणारी पत्रे इतकी उबदार, इतकी विनोदी व इतकी निर्व्याज असत की, अर्सुला ले ग्विन यांच्यासारख्या श्रेष्ठ लेखिकेपासून पत्रके काढणाऱ्या तरुणांपर्यंत अनेकांस तो जिवलग वाटू लागला. हा सरकारच्या गुप्त खात्यातील अधिकारी असावा, असा कित्येकांचा तर्क होता. काहींनी ही स्त्री असावी अशीही शंका घेतली, तेव्हा रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी १९७५ साली टिपट्रीच्या कथासंग्रहास प्रस्तावना लिहून, या लेखनाचा पिंडच पुरुषी आहे, असे निःशंकपणे प्रतिपादन केले.

टिपट्री म्हणजे १९१५ साली शिकागो येथे जन्मलेल्या अ‍ॅलिस शेल्डन. लेखिका असलेल्या आईबरोबर त्यांनी बालपणीच आफ्रिकेचा प्रवास केला, महायुद्धात सैन्यात राहून विमानांतून घेतलेली छायाचित्रे तपासली, काही वर्षे अमेरिकेच्या गुप्तवार्ता संस्थेत काढली आणि पन्नाशी उलटल्यावर प्रायोगिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. नाव त्यांनी घेतले ते बाजारात दिसलेल्या मुरंब्याच्या बरणीवरून. त्यांच्या सचोटीचा एक दाखला मला मोलाचा वाटतो. पुरुषांच्या नजरेला न दिसणाऱ्या स्त्रियांविषयी टिपट्रीने लिहिलेली कथा नेब्युला पुरस्काराच्या यादीत आली, तेव्हा ‘स्त्रियांचे मन जाणणारा पुरुष’ म्हणून वाहवा पदरात घेणे गैर होईल, या विचाराने त्यांनी ती स्वतःहून मागे घेतली. आणि ज्या दीर्घकथेला १९७४ सालचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तिची वस्तू पाहून तर आजचा वाचक चकित होईल. जाहिरातींवर बंदी असलेल्या भावी जगात व्यापारी कंपन्या लोकप्रिय व्यक्ती निर्माण करतात, ज्या वस्तू वापरताना दिसल्या की लोक त्या वस्तू विकत घेतात. आणि अशा एका लावण्यवतीचा निर्जीव देह, तळघरात यंत्राला जोडलेली एक कुरूप, उपेक्षित मुलगी दुरून चालविते. चाहत्यांचे प्रेम त्या देहावर आहे, जीव मात्र तळघरात आहे. स्वतः मुखवट्याआड बसलेल्या लेखिकेने हे लिहिले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

१९७६ च्या शरदात शेल्डन यांच्या आई मेरी हेस्टिंग्ज ब्रॅडली निवर्तल्या. शिकागोमध्ये आपली वृद्ध आई गेल्याचे टिपट्रीने पत्रमित्रांना दुःखाच्या भरात कळविले, आणि तेवढा धागा पुरेसा झाला. चाहत्यांनी शिकागोच्या वृत्तपत्रांतील निधनवार्ता चाळल्या. आफ्रिका पाहिलेल्या लेखिकेची वार्ता सापडली. मागे राहिलेले एकमेव अपत्य म्हणून तीत अ‍ॅलिस शेल्डन हे नाव होते. जेफ्री स्मिथ या तरुण पत्रककर्त्याने त्यांना पत्र लिहून तसे विचारले, आणि त्यांनी उत्तरी कबुली दिली. काही आठवड्यांतच ही वार्ता सर्वतोमुखी झाली. पत्रमित्रांनी त्यांना अंतर दिले नाही. ले ग्विन यांचे उत्तर तर स्नेहाने ओथंबलेले होते. तरीही मातृशोकाच्या पत्रातून मातेच्या नावाचा माग काढणे हे कृत्य, कुतूहलातून झाले म्हणून, मला निर्दोष वाटत नाही. शेल्डन पुढेही लिहीत राहिल्या, परंतु टिपट्रीच्या लेखणीची ती मोकळीक त्यांना पुन्हा तशीच लाभली नाही.

नेमक्या त्याच वर्षांत आपल्याकडे याच साहित्यप्रकारात एक मुखवटा चढला आणि सुखरूप उतरला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली. जयंत विष्णू नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलट क्रमाने मांडून ते नाव घडविले होते आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती, कारण शास्त्रज्ञ म्हणून झालेल्या कीर्तीची छाया परीक्षकांवर पडू नये, अशी त्यांची इच्छा होती. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि जगताप कोण ते मग उघड झाले. शेल्डन आणि नारळीकर यांच्या दैवांत अंतर पडले ते एवढ्यावरून, की एकाने मुखवटा आपल्या हाताने काढला आणि दुसरीचा इतरांनी ओढला.

यानंतरचा वृत्तान्त बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून मी तो झपाट्याने सांगतो. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका बंद पडणार या वार्तेने बीजो ट्रिंबल व त्यांचे पती यांनी पत्त्यांच्या याद्या हाताशी धरून पत्रांची मोहीम उभारली, लाखाहून अधिक पत्रे दूरचित्रवाणी कंपनीकडे गेली, आणि मार्च १९६८ मध्ये मालिका चालू राहणार असल्याचे जाहीर झाले. मग पत्रके गेली आणि संगणकांचे जाळे आले. टकरच्या मृत्यूची खोटी वार्ता खोडण्यास मासिकाच्या पुढल्या अंकाची वाट पाहावी लागत असे, शेल्डन यांना कबुलीचे पत्र लिहिण्यास काही दिवस तरी मिळाले. आज सोळा वर्षांच्या मुलीचे खरे नाव उघडे पडले, तर तिला एका रात्रीचीही सवड मिळत नाही.

मे २००७ मध्ये ‘लाइव्हजर्नल’ या संस्थळाने शेकडो खाती एकाएकी बंद केली, त्यांची नावे आडव्या रेघेने खोडलेली दिसू लागली, आणि दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत आपले दप्तर ठेवण्यातील धोका चाहत्यांना कळून चुकला. या चाहत्यांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, स्वतःचे दप्तरखाने बांधावयास घेतले. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हा त्यांचा संग्रह नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वांस खुला झाला, आणि २०१९ साली त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला, म्हणजे ज्याने वाचकांचे पत्ते छापले त्याच गर्न्सबॅकच्या नावाचा. या संग्रहात टोपणनावानेच लिहिण्याची वहिवाट आहे, खरे नाव कोणी विचारीत नाही. शिवाय तेथे अशीही एक सोय ठेवलेली आहे की, लेखकाला भय वाटू लागले, किंवा आयुष्य पालटले, किंवा नुसते निघून जावेसे वाटले, तर त्याने कथेवरून आपले नाव काढून घ्यावे आणि कथा मात्र जागच्या जागी राहू द्यावी. मग कर्त्याच्या रकान्यात ‘अनाथ खाते’ अशा अर्थाची नोंद दिसते, आणि कथा आवडलेले वाचक त्या नोंदीखाली आपले अभिप्राय लिहीत राहतात.